वाजवून न घेतलेला गणपती

पेणच्या एका गणपतीच्या कारखानदाराने मला फसवलं, आणि तसं करायला त्याला माझ्या बायकोने सांगितलं. भावात फसवलं असतं तर इतक्या वर्षांनी मी लिहायला बसलो नसतो. भावात मला फसवणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत अजून जन्मायचा आहे. त्यांनी मला माझ्या अंगातल्या ताकदीबाबत फसवलं. माझी ताकद ओसरत चालली होती, आणि ती जशीच्या तशी शाबूत आहे हे त्यांनी मला दरवर्षी माझ्याच हातांनी पटवून दिलं. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवसाचा धक्का अजून उतरलेला नाही. अजूनही जेवताना मध्येच आठवतं आणि घास हातात राहतो.

माझं गाव निडी स्टेशनपासून आत, भाताचं आणि वालाचं. वडिलांची जमीन दोन भावांना पुरेल एवढी होती आणि भाऊ आम्ही त्याहून जास्त होतो, म्हणून मी रोह्याला आलो. आधी एका किराणा दुकानात पोती उचलली. मग एका वर्षी पेणहून थोड्या मूर्ती आणल्या. पॅसेंजरमध्ये खाली बसून त्या मांड्यांमध्ये धरल्या, धक्का लागू नये म्हणून. रोह्यात विटांवर फळी टाकून विकल्या. सगळ्या गेल्या. तिथून सुरुवात झाली. नव्वद सालाच्या आसपास माझं पक्कं दुकान होतं आणि दुकानामागे घर होतं. गणपतीत मूर्ती, दिवाळीत पणत्या आणि कंदील, उन्हाळ्यात माठ, पावसाच्या तोंडावर ताडपत्री. कोणाच्या बापाचं काही घेतलं नाही.

आता हे समजून घ्या, की आमच्या धंद्यात भाव तोंडाने ठरत नाही, पायांनी ठरतो. मी सकाळी पेणच्या कारखान्यात शिरायचो. तो त्याचा भाव सांगायचा, मी माझा सांगायचो. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरायचं नाही. मग मी उभा राहायचो. भोवती माणसं प्लास्टर कालवताहेत, कोणी साचा सोडवतंय, कोणी डोळे आखतंय, आणि मी मध्ये उभा. खुर्ची दिली तर नको म्हणायचो. चहा आला तर परत पाठवायचो. खुर्चीवर बसलेला माणूस सैल होतो आणि चहा प्यालेला माणूस पाहुणा होतो. कारखानदार माझ्याच वयाचा, भुवयांमध्ये कायम पांढरी पूड अडकलेली. तोही हट्टी. पण त्याची कंबर दुपारनंतर बोलायला लागायची. तो भिंतीला टेकला की मला कळायचं, आता होणार.

"शेठ, तुमचे पाय कशाचे आहेत हो?" तो वैतागून विचारायचा.

"तुझ्या मूर्तीसारखे पोकळ नाहीत," मी म्हणायचो. तिथली माणसं हसायची. आता ते हसणं आठवलं की वेगळंच ऐकू येतं.

तर पाय आणि दम हेच माझं भांडवल होतं. म्हणून मी ते जपायचो. इतर लोक दुकान जपतात तसं मी अंग जपायचो, आणि त्यातही घासाघीस करायचो. शरीर मागेल तेवढी झोप मी कधी दिली नाही, पण दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर पडणं कधी चुकवलं नाही. पहाटे उठून कुंडलिका नदीच्या काठाने चालून यायचो. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी पोटभर भात, संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवण. चहा सकाळचा एक. चढ आला की पावलं लहान करायची, पण थांबायचं नाही. ओझं कंबरेने नाही, मांड्यांनी उचलायचं. आणि राग. राग माझा मोठा, हे सगळ्या रोह्याला माहीत होतं. पण लोकांना हे माहीत नव्हतं की तोही मी राखून वापरायचो. उपाशीपोटी ओरडलं की दिवसभर हात थरथरतात, म्हणून घरी ओरडायचं झालं तर जेवण झाल्यावर ओरडायचो. गिऱ्हाइकावर सकाळी चिडायचं नाही, पुढचा दिवस वाया जातो. एक कडकडून भांडण मी नेहमी पेणसाठी शिल्लक ठेवायचो.

त्या काळात गावाबाहेरच्या केमिकल कंपनीतली माणसं शिफ्ट संपवून सायकलीवरून परत यायची, डोळे पिवळे, चेहरे धुतलेल्या फडक्यासारखे. मेडिकलच्या काचेमागे ताकदीच्या बाटल्या मांडलेल्या असायच्या, वर दंडाची बेडकी काढलेल्या माणसाचं चित्र. पगार झाला की ही मंडळी त्या बाटल्या घेऊन जायची. मी त्यांना रस्त्यात अडवून सांगायचो, "अरे, बाटलीतून ताकद येत असती तर बाटली विकणारा मेडिकलवाला असा काडीसारखा का?" तो मेडिकलवाला माझ्यावर कायम नाराज होता. पण हळूहळू लोक मला विचारायला लागले. एक मास्तर यायचे, एक बँकेतले साहेब यायचे. झोप कशी घ्यावी, काय खावं, कुठल्या वेळी कुठलं काम काढावं. मी सांगायचो. मला त्याचा अभिमान होता, आणि तो का नसावा? शाळेत मला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. हे मी स्वतः शोधून काढलेलं होतं.

फक्त ताकद आहे की नाही हे सांगायला काही माप लागतं. स्टेशनवरच्या काट्यावर उभं राहिलं तर वजन कळतं, दम कळत नाही. माझं माप होतं आमच्या घरचा गणपती.

दर वर्षी आषाढात पहिली खेप आणायला मी पेणला जायचो, तेव्हा बायको बरोबर असायची. हळदकुंकू आणि धुतलेलं उपरणं घेऊन. बाकीचा माल माणसं टेम्पोत भरायची, पण घरची मूर्ती मी उचलायचो. अडीच फुटी, चौरंगावर बसलेला, डाव्या कानामागे साच्यातच राहिलेली बारीक गाठ. पहिल्या वर्षी आणला तोच साचा, तीच उंची. आमच्यात उंची एकदा धरली की कमी करत नाहीत. बायको त्याच्या तोंडावर उपरणं टाकायची, मी तो छातीशी धरायचो आणि कारखान्याच्या आतल्या खोलीतून, पायऱ्या उतरून, बोळ पार करून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत न थांबता न्यायचो. टेम्पो मुद्दाम लांब उभा करायला सांगायचो. तिथपर्यंत श्वास न तुटता पोचलो की ते वर्ष माझं. मग मी कारखान्यात परत येऊन बाकीच्या मालाच्या भावासाठी उभा राहायचो, नव्या दमाने.

मूर्ती घेताना आम्ही ती वाजवून घेतो. पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायची. आवाज दबका आला तर प्लास्टर जाड आहे. आवाज खणखणला तर त्याने पातळ थर देऊन माल वाचवला आहे, ती मूर्ती टेम्पोत तडकणार. मी एकूण एक मूर्ती वाजवायचो. कारखानदार म्हणायचा, "शेठ, तुमच्या बोटाला घट्टे पडतील." पडलेच होते. पण घरच्या गणपतीला मी कधी बोट लावलं नाही. घरच्या देवाचा भाव करत नाहीत आणि घरचा देव वाजवून घेत नाहीत. कारखानदार सांगेल ते पानसुपारीवर ठेवून द्यायचं. साऱ्या आयुष्यात मी डोळे मिटून घेतलेली ती एकच वस्तू.

एका वर्षी टेम्पोपाशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काळं आलं. मूर्ती ठेवली आणि टेम्पोच्या मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं. ऊन होतं, मी म्हटलं. बायको म्हणाली, आज तर ढग आहेत. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तीन फुटी उचलून दाखवतो, मग बोल.

पुढच्या वर्षी मी तो अडीच फुटीच उचलला आणि थक्क झालो. हलका लागला. बोळ कधी संपला कळलं नाही. मी बायकोकडे बघितलं, ती उपरणं सारखं करत होती. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सोपं गेलं. मी रोह्यात येऊन पानाच्या टपरीवर सांगितलं की वय वाढतं तशी ताकद वाढते, फक्त ती सांभाळता आली पाहिजे. मास्तरांनी मान डोलावली. माझं तेव्हा खरंच असं मत झालं होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला वर्षागणिक तेच ओझं हलकं लागत असेल तर दुसरं मत कसं होणार?

दरम्यान अंगात इतर गोष्टी होत होत्या. सकाळी उठलं की डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका. स्टेशनचा जिना चढताना छातीत कोणीतरी फडकं कोंबल्यासारखं. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर उमटून राहायचा. बायको म्हणायची, "डॉक्टरला दाखवा."

"कशाला? गणपती उचलला ना मी?"

हे माझं उत्तर असायचं, आणि त्यावर ती गप्प व्हायची. मला वाटायचं, हरली. दर वेळी मी तिच्यापुढे तोच पुरावा ठेवत होतो आणि तो खोटा आहे हे घरात तिला एकटीला माहीत होतं. हे आठवलं की मला अजून सुचत नाही, की मी चिडावं की काय करावं.

मी गणपती उचलला त्या शेवटच्या वर्षी, चतुर्थीच्या काही दिवस आधीची दुपार. दुकानात गर्दी. माझी माणसं स्टेशनवर माल उतरवायला गेली होती. निडीकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती, अर्धा तास माझ्याशी भावासाठी झुंजत होती. मला आवडलेली बाई. शेवटी तिने फळीवरच्या एका मूर्तीकडे बोट केलं.

"तो दाखव, भाऊ. त्याचं पोट चांगलं हाय."

अडीच फुटी, चौरंगावर बसलेला. माझ्याच साच्यातला. मी म्हटलं, घ्या, आत्ता देतो. खाली हात घातले आणि उचलायला गेलो. तो हलला नाही.

रंग ओला असताना मूर्ती फळीला चिकटते, तसं झालं असेल असं मला वाटलं. मी वाकून खालून बोट फिरवलं. चिकटलेला नव्हता.

"काय झालं? भाव कमी पडला म्हणून उठत नाय काय तो?" म्हातारी म्हणाली. सून तोंडावर पदर धरून हसली.

मी पाय रोवले, मांड्यांवर जोर घेतला, आणि जसा घरचा उचलतो तसा उचलला. तो छातीपर्यंत आला. तिथून पुढे मला आठवतं ते इतकंच, की दुकानातले सगळे आवाज लांब गेले, विहिरीतून यावेत तसे येऊ लागले. मूर्ती मी टाकली नाही. ठेवली. पण खाली टेकताना तिच्या पायाच्या बोटांचा टवका उडाला.

"अगो, बाजूला हो गो!" म्हातारी सुनेवर ओरडली. मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "भाऊ, तू बस आधी. पाणी पी. तुझं तोंड बघ कसं पिठासारखं झालंय."

"बसायचं नाही मला," मी म्हटलं. माझ्या तोंडातून दुसरं काही निघालं नाही.

मी तिला तिथेच सोडलं आणि आत घरात गेलो. कोपऱ्यात पाटावर घरचा गणपती होता, तोंडावर उपरणं. तोच साचा, कानामागे तीच गाठ. मी हात घातले. तो उचलला गेला. इतका सहज, की मी तोल जाऊन मागे सरकलो. मूर्ती छातीशी धरून मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो. बाहेर ज्याने माझा जीव काढला तो आणि हा, दोघे एकाच साच्यातून निघालेले. हातातला हा गणपती उशीएवढा भरत होता.

मी तो पाटावर ठेवला. मग जे करत नाहीत ते केलं. उपरण्याच्या मागून हात घालून त्याच्या पाठीवर पेराने टकटक केलं.

रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा वाजला तो. मी परत वाजवला. पोटावर वाजवला, चौरंगावर वाजवला. सगळीकडे तोच आवाज. मला दरदरून घाम आला. देवाला वाजवलं म्हणून नाही. गेली कित्येक वर्षं मी काय उचलत होतो ते मला कळत होतं म्हणून.

"वाजवलात?" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला तांदळाचं पीठ.

ती आली आणि पहिल्यांदा तिने उपरणं सरळ केलं.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"मीच सांगितलं त्याला."

माझी बायको साधी भाजी घेताना मला पुढे करायची. ती खाली बसली, भिंतीला टेकून.

"त्या वर्षी टेम्पोच्या मागं तुमी तोंड धूत व्हतात ना, तवा मी बघितलं. ओठ निळे पडलेवते. मी बोलले तर तुमी काय म्हणालात? तीन फुटी उचलून दाखवतो. मला तुमी पायजे व्हता. तीन फुटी गणपती घेऊन मी काय करू?"

"मग गेलीस पेणला?"

"तुमी वालाच्या खरेदीला गावी गेलतात तवा. पॅसेंजरनं गेले. कासूपर्यंत म्हणत व्हते, नको, उतरते आणि परत जाते. नाय उतरले."

"आणि तो लगेच तयार झाला?"

"लगेच कसा होईल? देवाचं काम म्हणाला. मी उठलेच नाय."

मला आधी वाटलं की मी ओरडेन. नाही ओरडलो. छातीत जागाच नव्हती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा माझ्या मागे झाला होता. विकणारा तो, घेणारी ही, आणि माल मी होतो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. पुढे पनवेलला पाठवून छातीची तपासणी करवली. रक्तदाब फार, आणि आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा. त्या दाबाशी झुंजून हृदयाची भिंत जाड झाली आहे आणि आता थकायला लागली आहे, असं त्यांनी सांगितलं.

"इतकी वर्षं त्रास होत नव्हता?" त्यांनी विचारलं.

"होत होता. पण मी गणपती उचलत होतो."

त्यांना ते समजलं नाही. मी समजावलंही नाही. तिकडे कारखानदार दरवर्षी गणपतीची भिंत पातळ करत गेला आणि इकडे माझ्या काळजाची भिंत जाड होत गेली, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षं आधी आला असतात तर रोजच्या एका गोळीवर भागलं असतं. आता गोळ्या जास्त, आणि उचलायचं नाही, दिवसभर उभं राहायचं नाही, चिडायचं नाही.

"मग धंदा कसा करू?"

"बसून करा."

विसर्जन झालं. आमचा गणपती कुंडलिकेत सोडला तेव्हा तो बुडायलाच तयार नव्हता. लोक म्हणाले, बघा, जायचं मन नाही त्याचं. बायको रडली. मी नाही रडलो. मला माहीत होतं तो का बुडत नाही.

पितृपक्षात मी पेणला गेलो. पुढच्या वर्षीच्या मालाचं पहिलं बोलणं तेव्हाच होतं. गाडीत निडी गेलं, कासू गेलं, आणि प्रत्येक स्टेशनवर मी मनात त्याला एकेक वाक्य ऐकवत होतो. कारखाना रिकामा होता. साचे धुऊन दोरीला उलटे टांगलेले, जमिनीवर पांढरी पावलं. तो साचा पुसत बसला होता.

"या शेठ! कशी आहे तब्येत?"

त्याने तब्येत विचारली म्हणून मी उसळलो. "माझ्या घरच्या गणपतीला किती थर दिलेस?"

त्याचा हात थांबला. "वहिनींनी सांगितलं का?"

"गणपतीने सांगितलं. वाजवला मी."

तो उठला. हात पुसले. "शेठ, त्या तिथं त्या पायरीवर बसल्या होत्या. चहा घेईनात, उठेनात. दुपार झाली तरी तिथंच. तुमच्यासारख्याच. मी म्हटलं, वहिनी, देवाच्या मूर्तीत माल मारायला लावू नका मला. तर म्हणाल्या, माल मारू नका, ओझं कमी करा. मी काय करणार? बाईच्या डोळ्यांत पाणी होतं."

"आणि तुझा फायदा?"

"माझा कसला आलाय फायदा?"

"मी टेम्पोपर्यंत जाऊन परत यायचो तो खुशीत यायचो. त्या खुशीत बाकीचा माल मी आधीसारखा वाजवत नव्हतो. ते तुला दिसत नव्हतं?"

तो टांगलेल्या साच्यांकडे बघत राहिला. "थोडं दिसलं असेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण शेठ, एक विचारू? अख्ख्या पेणला माहीत आहे, तुम्ही वाजवल्याशिवाय काडेपेटीसुद्धा घेत नाही. हाच एक का नाही वाजवलात?"

"घरचा देव कोण वाजवून घेतो रे?"

"तेच ना," तो म्हणाला. "म्हणूनच जमलं."

तो हे हसून म्हणाला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथे उभा होतो आणि माझे पाय कापायला लागले होते. रागाने, असं मी स्वतःला सांगत होतो. त्याने एक स्टूल पुढे सरकवलं. मी त्याकडे बघितलं नाही. मी सरळ पुढच्या वर्षीचा भाव सांगितला. मुद्दाम असा सांगितला की त्याने उडी मारावी, शिव्या द्याव्यात, मला बाहेर हाकलावं. तो भाव ऐकून कोणत्याही कारखानदाराने कपाळाला हात मारला असता. मला भांडण हवं होतं. राखून ठेवलेलं ते एक भांडण.

"बरं," तो म्हणाला.

"काय बरं?"

"तुम्ही म्हणता तो भाव. बरं."

इतक्या वर्षांत त्याने माझा शब्द कधी पहिल्या फटक्यात घेतला नव्हता. मला क्षणभर वाटलं की मला ऐकू कमी येतंय. मग कळलं. तो माझे ओठ बघत होता, त्या वर्षी बायकोने बघितले होते तसे. त्याने परत एकदा माझं ओझं कमी केलं होतं, या वेळी माझ्या तोंडावर. मी स्टुलावर बसलो. त्या कारखान्यात पहिल्यांदा बसलो. त्याने चहा मागवला आणि तो मी प्यालो.

नंतर त्याला मी एकच गोष्ट विचारली. तू पहिला हलका गणपती कोणत्या वर्षी दिलास?

तो म्हणाला, एकदम केलं नाही शेठ, दरवर्षी थोडा थोडा कमी करत गेलो, तुमच्या हाताला कळू नये म्हणून. सुरुवात कधी केली ते आठवत नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी. परत विचारलं तर म्हणते, नाय, त्याच्या आधीच्या. दोघांचं जुळत नाही.

मला ते जुळवून हवं आहे. आता मुलीचं लग्न झालंय, घरची मूर्ती जावई उचलतो, पूर्ण जाडीची, मी आधी वाजवून घेतो आणि बायको तेव्हा तोंड फिरवते. गोळ्या वेळेवर घेतो, पहाटेचं चालणं सोडलेलं नाही, दुकान बसून चालवतो. ते सगळं झालं. पण मी ज्या अंगाच्या जोरावर शून्यातून उभा राहिलो, त्याचा खरा हिशोब कुठे संपला आणि यांनी लिहिलेला खोटा कुठे सुरू झाला, हे मला माहीत नाही. मास्तरांना जे सांगितलं त्यातलं किती माझं होतं? मी उभ्याने जिंकलेल्या भावांतले कोणते मी जिंकले?

कोणत्या साच्यातून कोणत्या वर्षी कोणासाठी काय निघालं हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. तीन तालुक्यांतली गिऱ्हाइकं तो मूर्तीच्या कानावरून ओळखतो. म्हणून आठवत नाही हे मी मान्य करत नाही. त्याने उठावं, रोह्याला यावं, माझ्या दुकानात माझ्यासमोर बसावं, बायकोलाही शेजारी बसवतो, आणि दोघांनी मिळून मला एक वर्ष सांगावं. पूर्ण वजनाचा शेवटचा गणपती मी कधी उचलला?